चौकटीची रुंदी

मराठीत ‘इतर’ हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. सभेच्या विषयपत्रिकेच्या शेवटी तो असतो, जमाखर्चाच्या तळाशी असतो, ग्रंथपालाच्या वर्गवारीत असतो. मी स्वतः विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या वाङ्मयेतिहासाच्या एका पुस्तकात ‘इतर वाङ्मयप्रकार’ नावाचे प्रकरण घातले होते आणि प्रवासवर्णन, पत्रवाङ्मय, बखरीची उपांगे अशी कोठेच न बसणारी मंडळी त्या एका ओसरीवर बसवून दिली होती. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. म्हणून २०१९ साली तोच शब्द मी पुन्हा एकदा सुचविला, तेव्हा आपण काही करीत आहोत असेही मला वाटले नाही.

मौखिक वाङ्मयाच्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह संगणकावर आणावयाचा होता. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. चूक माझी आहे, संस्थेची नव्हे. गावोगाव फिरून गाणी, कहाण्या, उखाणे मुद्रित करणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक मुद्रणाबरोबर एक नोंदणी-अर्ज भरावा आणि तो भ्रमणध्वनीवरच भरावा, अशी योजना होती. अर्जात गावाचे नाव, गाण्याचा प्रकार, प्रसंग, गाणाऱ्याचे वय असे रकाने होते. त्यांतला एक रकाना गाणाऱ्याच्या भाषेचा. तेथे लिहावयाचे काही नव्हते. चौकटीवर बोट ठेवले की खाली यादी उलगडे आणि तीतून एक नाव निवडावयाचे. आठव्या अनुसूचीतील बावीस भाषा, त्याशिवाय अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिली, गोंडी, कोरकू, कोलामी, वारली अशी आमच्या समितीला आठवलेली नावे, आणि सर्वांत शेवटी एक लांबलचक ओळ : ‘यादीत नाही, गाणाऱ्याने सांगितलेले नाव शेजारच्या जागेत लिहावे’. ही ओळ समितीतील एका लोकसाहित्याच्या अभ्यासक बाईंनी आग्रहाने घालावयास लावली होती. त्या दिवशीच्या बैठकीला त्या नव्हत्या.

अर्जाची मांडणी करणारी तरुण मुलगी हुशार होती आणि अडचण सांगताना तिला संकोचही वाटत होता. तिने पडद्यावर दाखविले. भाषेची चौकट शेजारच्या सगळ्या रकान्यांना ढकलून पानाच्या कडेबाहेर गेली होती. आत ‘मराठी’ हे तीन अक्षरांचे नाव डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेले, आणि त्याच्या उजवीकडे हातभर कोरी जागा. मी विचारले, ‘‘एवढ्याशा नावाला एवढे मोठे घर कशाला?’’ ती म्हणाली, ‘‘सर, निवडलेल्या नावावर रुंदी ठरत नाही. यादीतली सर्वांत लांब ओळ कोणती, ते पाहून चौकट आपली रुंदी ठरवते. कुणी ती ओळ निवडो किंवा न निवडो. ती शेवटची ओळ छोटी झाली, तर सगळं एका ओळीत बसेल.’’

‘‘मग ‘इतर’ म्हणा,’’ मी म्हणालो.

तिने तेथल्या तेथे बदल केला. चौकट आखडली, पान सावरले, सर्वांना बरे वाटले आणि चहा आला.

छंदःशास्त्र मी पंचवीस वर्षे शिकविले. ‘माष’ या शब्दाचा ‘मष’ करावा लागला तरी चालेल, पण छंदोभंग होऊ देऊ नये, असा जुन्यांचा दंडक वर्गात सांगताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना हसवीत असे. माष म्हणजे उडीद. ‘मष’ला काही अर्थ नाही. वृत्ताची चौकट अभंग राहिली, धान्य मात्र नाहीसे झाले. अक्षरगणवृत्तात हे सारखे करावे लागते. शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणात एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. आशय सोळा अक्षरांतच संपला तर उरलेली जागा ‘हि’, ‘की’, ‘पै’, ‘बा’ यांनी भरून काढावयाची. त्यांना पादपूरके म्हणतात. आशय बावीस अक्षरांचा असेल तर शब्द ठेचावयाचा, दीर्घाचा ऱ्हस्व करावयाचा, प्रत्यय गाळावयाचा. मोरोपंतांसारखा शब्दप्रभू ‘केकावली’त पृथ्वीवृत्ताची सतरा अक्षरे कशी लीलया भरतो, हे दाखविताना मला नेहमीच आनंद झाला आहे. परंतु मोरोपंत स्वतःचे शब्द वाकवीत होते. दुसऱ्याच्या भाषेचे नाव वृत्तात बसेना म्हणून त्यांनी पुसले नव्हते. मी पुसले, आणि तेही चहा येण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत.

या उलगडणाऱ्या यादीचा इतिहास फार जुना नाही. संगणकाच्या जाळ्यावरील पाने ज्या खुणांच्या भाषेत लिहिली जातात तिचे, एचटीएमएलचे, दुसरे प्रमाणित रूप नोव्हेंबर १९९५मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात अर्ज भरण्याच्या इतर साधनांबरोबर ‘सिलेक्ट’ नावाची ही निवडयादीही आहे. तिची रुंदी सर्वांत लांब ओळीवर ठरविण्यात शहाणपण नाही असे नाही. माणसाने निवड बदलली की चौकट लहानमोठी होऊ लागली, तर तिच्यापुढचा सगळा मजकूर दर वेळी हलेल. घरात जो सर्वांत उंच त्याच्या मापाने दार ठेवतात, तसेच हे. फरक एवढाच, की दार उंच झाले म्हणून उंच माणसाला कोणी घराबाहेर घालवीत नाही. येथे मात्र रुंदीचा सगळा दोष त्या एका लांब ओळीवर येतो, आणि मांडणी सुधारू पाहणाऱ्याचा हात पहिल्यांदा तिच्याच गळ्याकडे जातो. सर्वांत लांब ओळ बहुधा त्यांची असते ज्यांना एका शब्दात सांगता येत नाही. हे मला तेव्हा सुचले नाही.

अक्षरांना जागा देण्याचा प्रश्न आमच्या पिढीने वेगळ्या रूपात पाहिला होता. देवनागरी टंकलेखनयंत्राचा गाडा प्रत्येक कळीसरशी तेवढाच पुढे सरकत असे. अरुंद ‘र’ला आणि ऐसपैस ‘क’ला सारखीच जागा. म्हणून टंकलिखित मराठी नेहमी दात पडल्यासारखी दिसे. छापखान्यात तसे नव्हते. तेथे प्रत्येक खिळ्याची रुंदी त्याच्या अक्षराएवढी, आणि ओळ भरत आली की जुळारी शब्दांच्या मधले कोरे खिळे बदलून ती दोन्ही कडांना नेमकी आणीत असे. माझ्या पहिल्या पुस्तकाची मुद्रिते तपासायला मी छापखान्यात जाऊन बसत असे, तेव्हा एका वृद्ध जुळाऱ्याने मला एक शब्द बदलाल का, असे विचारले होते. ओळ बसत नव्हती. मी बदलला नाही. त्याने काही न बोलता आधीच्या चार ओळी सोडविल्या आणि पुन्हा जुळविल्या. त्या माणसाच्या अर्ध्या तासाची आठवण मला फार उशिरा झाली.

आठवण करून दिली ती धडगावकडून आलेल्या एका शिक्षकाने. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात, ते प्राथमिक शाळेत शिकवीत आणि सुट्ट्यांत गाणी मुद्रित करीत. लग्नातली गाणी, इंदलाच्या रात्रीची गाणी असा त्यांनी मोठाच ठेवा जमविला होता. कार्यकर्त्यांच्या एका मेळाव्यात दुपारच्या जेवणानंतर ते माझ्याशेजारी येऊन बसले. आवाजात राग नव्हता.

‘‘सर, एक विचारू का? तो अर्ज तुम्ही केला असं ऐकलं.’’

‘‘आम्ही सर्वांनी मिळून केला. का?’’

‘‘आमची भाषा पावरी. यादीत नाही. भिली आहे. भिली निवडलं तर ज्या आजीनं गाणं म्हटलं तिचं म्हणणं खोटं पाडल्यासारखं होतं. ती पावरी म्हणते, भिली म्हणत नाही. इतर निवडलं तर ते गाणं कुणाचंच होत नाही. मी काय निवडावं?’’

मी म्हणालो, ‘‘शेजारी लिहायला जागा आहे ना?’’

‘‘आहे. पण तिच्यावर ‘शेरा’ असं लिहिलंय. शेऱ्यात भाषेचं नाव लिहायचं, हे कुणाला कळणार? मी लिहितो. बाकीचे मोकळं सोडतात.’’

जागा खरोखर होती. त्या लांब ओळीनेच तिचा उपयोग सांगितला होता. ओळ गेली आणि तिच्याबरोबर सूचनाही गेली. मी जे छाटले ते केवळ नाव नव्हते, वाट होती. शिक्षकांना मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर येथे लिहिण्याजोगे नाही.

घरी येऊन ग्रिअर्सन काढला. त्याच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. तो भिली भाषासमूह आणि खानदेशी यांना वाहिलेला आहे. त्यात पावरी आहे, मावची आहे, देहवाली आहे. निराळ्या नावांनी, निराळ्या नोंदींनी आहेत. ग्रिअर्सन भाषा कोणती आणि बोली कोणती हे ठरविताना पुष्कळ चुकला, त्याची माहिती कारकून आणि मिशनरी यांच्या हातून आली, हे सर्व मान्य. परंतु १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजणाऱ्या त्या परक्या अधिकाऱ्याच्या पानावर ज्या नावाला जागा मिळाली होती, ते माझ्या पानावर शंभराहून अधिक वर्षांनी मावले नव्हते.

जनगणनेचे आकडे त्याहून बोलके आहेत. २०११ साली ‘तुमची मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाला लोकांनी दिलेली नावे जशीच्या तशी मोजली, तेव्हा ती १९,५६९ भरली. छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या गेल्या. आणखी १,४७४ नावे वर्गीकरणात बसेनात, म्हणून ती ‘इतर’मध्ये टाकली गेली. दहा हजारांहून अधिक भाषिक असलेल्या २७० मातृभाषा पुढे १२१ भाषांच्या नावाखाली लावल्या गेल्या. त्या मांडणीत पावरी आणि मावची या ‘भिली / भिलोडी’ या शीर्षकाखाली येतात आणि त्या शीर्षकाची एकूण संख्या एक कोटी चार लाखांच्या घरात जाते. भोजपुरी आपली मातृभाषा असल्याचे सांगणारे पाच कोटींवर लोक हिंदीच्या रकान्यात आहेत. गणना करणाऱ्यांना असे गट पाडावेच लागतात. तक्त्याला तळ असतो. पण तेथे निदान लोकांनी आधी काय सांगितले ते कोणीतरी लिहून घेतले होते. छाटणी नंतर झाली. आमच्या अर्जात सांगण्यापूर्वीच झाली होती.

मी त्या मुलीला दूरध्वनी केला. आता ती दुसऱ्या ठिकाणी नोकरीला होती, तरी आली. मी म्हटले, ‘‘ती जुनी ओळ परत आणायची आहे. आणि चौकट ज्याने जे निवडले त्याच्या मापाची व्हायला हवी. ‘मराठी’ निवडणाऱ्याला कोरी जागा नको, आणि लांब ओळ निवडणाऱ्याला अडचण नको. होईल?’’

होईल, पण वाटते तितके सोपे नाही, असे दिसले. तिने आधी अक्षरे मोजून पाहिली. निवडलेल्या नावात किती चिन्हे आहेत ते मोजावयाचे आणि तितक्या शून्यांची रुंदी चौकटीला द्यावयाची. शून्याच्या रुंदीचे ‘सीएच’ नावाचे मापच या कामासाठी उपलब्ध आहे. रोमन लिपीत या रीतीने बरे भागते. देवनागरीत फजिती झाली. ‘स्त्री’ हा शब्द संगणकाच्या हिशेबी सहा चिन्हांचा : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. ‘अहमद’ चार चिन्हांचा. कागदावर मात्र ‘स्त्री’ला ‘अहमद’पेक्षा कमी जागा लागते. मोजले तर सहा, उच्चारले तर एक अक्षर, पाहिले तर त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. गण पाडताना ‘स्त्री’ हे एक गुरू अक्षर, एवढेच मला ठाऊक होते. यंत्राच्या दृष्टीने ते कोण आहे, हे पहिल्यांदाच कळले. आपल्या लिपीत जोडाक्षराची रुंदी मोजणीने कळत नाही. ते लिहून पाहावे लागते.

तिने शेवटी केले ते हेच. कोणी एखादी ओळ निवडली की पडद्याआड, वाचणाऱ्याला दिसणार नाही अशी, दुसरी एक चौकट तयार करावयाची. तीत निवडलेली तेवढी एकच ओळ ठेवावयाची. सर्वांत लांबही तीच आणि सर्वांत आखूडही तीच, त्यामुळे चौकट आपोआप तिच्या मापाची होते. ती रुंदी वाचून खऱ्या चौकटीला द्यावयाची आणि आडची चौकट पुसून टाकावयाची. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत. शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगाचा पुतळा करावा, त्यावर कापड बेतावे आणि पुतळा मोडून टाकावा, तसा हा खटाटोप. मला तो फार आवडला. पुढे कळले, की २०२४च्या मार्च महिन्यात क्रोम या न्याहाळकाच्या १२३व्या आवृत्तीत ‘फील्ड-सायझिंग’ नावाचा एक गुणधर्म आला आहे. त्याला ‘कंटेंट’ असे मूल्य दिले की चौकट आतल्या मजकुराप्रमाणे स्वतःच लहानमोठी होते. जे काम करायला पुतळा लागत होता ते आता दोन शब्दांत होते. तरीही तिने जुनी युक्ती काढून टाकली नाही, कारण दुर्गम गावांतले भ्रमणध्वनी जुने असतात.

येथे एक कबुली द्यावयास हवी. अशी ताणती चौकट सगळीकडे चांगली दिसते असे मुळीच नाही. एकाखाली एक दहा रकाने असले आणि प्रत्येकाची उजवी कड निराळी झाली, की पान भाजीच्या पाटीसारखे दिसते. निवड बदलताच शेजारचा मजकूर सरकला तर ज्याची नजर मंदावली आहे किंवा हात कापतो त्याची पंचाईत होते. माझा हात आता कापतो, म्हणून हे सांगतो. आम्ही शेवटी गाव, वय, प्रसंग यांच्या चौकटी होत्या तशाच समान ठेवल्या. भाषेचा रकाना मात्र वाक्यात घातला : ‘गाणाऱ्याने आपली भाषा’ – मग चौकट – ‘अशी सांगितली’. वाक्यात घातलेल्या चौकटीला शब्दाच्या मापाचे व्हावेच लागते, नाहीतर वाक्य मध्येच दम लागल्यासारखे थांबते.

ओवीचे हेच आहे, असे मला त्या दिवसांत वारंवार वाटे. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची; तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा; अक्षरांची संख्या ठरलेली नाही. चरण आशयाप्रमाणे लांबतो, आखडतो. म्हणून तत्त्वज्ञानाचा एवढा विस्तार तीत पादपूरकांवाचून मावला. ‘छंदोरचने’त माधव जूलियनांनी मराठी छंदांची जी विलक्षण कसोशीने मोजदाद केली आहे तिचा मी आजन्म ऋणी आहे, तरी मोजण्याच्या त्या शिस्तीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ओवी नेहमीच थोडी सैल, थोडी अशास्त्रीय वाटत आली. उलट बाजूही आहे. मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या अनिलांनी उतारवयात दहाच ओळींची दशपदी पत्करली. त्या संग्रहाला १९७७चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. चौकट कवीने स्वतः आखून घेतली होती, म्हणून ती काचली नाही. गाणाऱ्या आजीला तिची चौकट कोणी विचारली नव्हती.

अर्ज बदलला. समितीतल्या त्या अभ्यासक बाईंना मी पत्र लिहून सर्व हकीगत कळविली. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले, आणि ते माझ्यावर प्रसन्न होऊन लिहिलेले नव्हते. नव्या नोंदींत पावरी आली, देहवाली आली, आणि मी कधी ऐकली नव्हती अशी काही नावेही आली. त्यांतली काही भाषेची, काही जातीची, काही नुसती डोंगराच्या पलीकडच्या बाजूची. ती तशीच ठेवली आहेत.

राहिला प्रश्न जुन्या नोंदींचा. २०१९ ते बदल होईपर्यंतच्या काळात ‘इतर’खाली जमा झालेली मुद्रणे एकेक करून ऐकावयाची आणि ज्याची भाषा त्याच्याकडून ओळखून घ्यावयाची, असे ठरले. धडगावच्या शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ ऐकली. काही त्यांना चटकन कळली. काहींपुढे त्यांनी लिहिले आहे : ‘आमची नाही, नदीपलीकडच्यांना विचारावे.’ विचारणे चालू आहे. कित्येक गाणाऱ्या आता हयात नाहीत आणि त्यांच्याबरोबर गेलेले कार्यकर्तेही पांगले आहेत. गेल्या आठवड्यात मी एक मुद्रण लावले. म्हाताऱ्या बाईचा आवाज, पाठीमागे कोंबड्यांचा गलबला, मध्येच कोणीतरी लहान मूल हसते आणि बाई त्याला काहीतरी रागावून पुन्हा सूर धरते. ती काय म्हणाली ते मला कळले नाही. नोंदीत गाव आहे, तारीख आहे, शेऱ्याची जागा कोरी आहे. आणि भाषेची चौकट आता निवडलेल्या शब्दाएवढीच, तीन अक्षरांची, पानावरची सर्वांत लहान.